मनोविकारांचे निदानपूर्व अस्तित्व

रीतसर निदान होण्यापूर्वी मनोविकार अस्तित्वात असतो काय, हा मनोविकारविज्ञान, वैद्यकाचा इतिहास आणि विज्ञानाचे तत्त्वज्ञान या तिन्ही शाखांत चर्चिला गेलेला प्रश्न. त्याला दोन बाजू आहेत आणि त्यांची पुष्कळदा गल्लत होते. एक बाजू व्यक्तीची : पस्तिसाव्या वर्षी अवधानन्यूनतेचे (लक्ष टिकवता न येण्याचा विकार, एडीएचडी) निदान झालेल्या माणसाला तो विकार दहाव्या वर्षी होता का? दुसरी विकारप्रकाराची : ‘छिन्नमानस’ (स्किझोफ्रेनिया) ही संज्ञा १९०८ मध्ये पुढे आली, मग १७०८ साली कोणी छिन्नमानसाने ग्रस्त होते, असे म्हणता येईल का? पहिल्या प्रश्नाला बहुतेक चिकित्सक ‘होय’ म्हणतात. खरा वाद दुसऱ्याचा आहे.

पहिला होकार प्रचलित निकषांतच गृहीत धरलेला आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीनुसार (२०१३) प्रौढात अवधानन्यूनता-अतिचंचलता विकाराचे निदान करायचे, तर त्याची अनेक लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. चौथ्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षांची होती. म्हणजे विकार आधीपासून असल्याखेरीज निदानच होऊ शकत नाही. मात्र ‘आधी’ म्हणजे किती आधी, हे समिती ठरवते आणि बदलतेही. स्वमग्नतेच्या (ऑटिझम) बाबतीत हीच पुस्तिका सांगते की, लक्षणे बालपणापासून असली, तरी सामाजिक अपेक्षा वाढेपर्यंत ती पुरती प्रकट होतीलच असे नाही.

याउलट, काही सीमारेषा उघडच सोयीच्या आहेत. याच पुस्तिकेनुसार छिन्नमानसाच्या निदानासाठी विकाराची चिन्हे किमान सहा महिने टिकावी लागतात. त्याहून कमी काळ असल्यास ‘छिन्नमानससदृश विकार’ असे निराळे नाव दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाला एक महिना पुरतो. त्यामुळे भास आणि भ्रम सुरू होऊन दोन महिने झालेल्या रुग्णाला एका पद्धतीने छिन्नमानस असते आणि दुसरीने नसते. सहावा महिना भरला त्या दिवशी त्याच्या मेंदूत नवे काही घडते, असे कोणीच मानत नाही.

निदानाला होणारा विलंबही येथे विचारात घ्यावा लागतो. रोनाल्ड केसलर व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी सर्वेक्षणानुसार आयुष्यात केव्हातरी होणाऱ्या मनोविकारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांशांची चोविसाव्या वर्षापर्यंत झालेली असते. उपचारांसाठी पहिला संपर्क होईपर्यंत भावविकारांत (खिन्नतेसारख्या मनःस्थितीच्या विकारांत) सुमारे सहा ते आठ आणि चिंताविकारांत नऊ ते तेवीस वर्षे जातात. हे आकडे उत्तरदात्यांच्या स्मरणावर आधारलेले आहेत, हे विसरता कामा नये.

पूर्वावस्था : विकार पूर्ण प्रकट होण्याआधीच्या चिन्हांची दखल प्राचीन आहे. चरकसंहितेत (काळ अनिश्चित, सामान्यतः इसवी सनाच्या आरंभीची शतके मानतात, मूळ भाग त्याहून जुना असावा) निदानस्थान या विभागातील उन्मादाच्या (वेडाच्या) अध्यायात रूपाआधी (प्रत्यक्ष लक्षणांआधी) पूर्वरूपे म्हणजे पूर्वचिन्हे सांगितली आहेत : डोके रिकामे वाटणे, डोळ्यांची व्याकुळता, कानांत आवाज, अन्नाची अनिच्छा, अस्थानी उद्वेग. ही आजच्या कोणत्या विकाराची पूर्वलक्षणे, हा प्रश्न अनेकांनी हौसेने सोडवला आहे. ग्रंथाचा आधार त्याला पुरत नाही.

आधुनिक पुरावा मुख्यतः छिन्नमानसाविषयीचा आहे. मानहाइम येथील हाइन्झ हेफ्नर यांच्या अभ्यासगटाला असे आढळले की, बहुसंख्य रुग्णांत भास-भ्रमांपूर्वी काही वर्षे खिन्नता, अस्वस्थता, एकाग्रतेचा अभाव, लोकांपासून दूर राहणे अशी अविशिष्ट लक्षणे असतात. त्याहून मागे नेणारा पुरावा ब्रिटनमध्ये १९४६ साली जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन पाहणीतून मिळाला. पीटर जोन्स व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की, पुढे छिन्नमानस झालेली मुले इतरांपेक्षा सरासरी सव्वा महिना उशिरा चालू लागली होती. या नोंदी पाहणीत त्या-त्या वेळी केलेल्या होत्या. पुढे काय होणार हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून त्यांचे मोल अधिक. एलेन वॉकर यांनी १९९० मध्ये थोड्या कुटुंबांतील घरगुती चित्रफिती तज्ज्ञांना दाखवल्या. भावंडांपैकी पुढे आजारी पडणारे मूल कोणते, हे त्यांना केवळ योगायोगाने जमावे त्याहून अधिक वेळा ओळखता आले.

तरीही ‘विकार तेव्हाच होता’ असे म्हणणे घाईचे ठरते. सव्वा महिना उशिरा चालणारी बहुतेक मुले पुढे धडधाकट असतात. तीव्र जोखमीच्या गटात मोडणाऱ्या तरुणांपैकीही काही वर्षांत मनोविक्षिप्ती (सायकोसिस, वास्तवाचे भान सुटणे) होते ती अल्पसंख्यांना. पूर्वावस्था ही विकार आल्यावरच मागे वळून पूर्वावस्था ठरते. याच कारणाने ‘सौम्य मनोविक्षिप्ती लक्षणसमूह’ २०१३ च्या पुस्तिकेत अधिकृत निदानांत न घेता पुढील संशोधनासाठीच्या विभागात ठेवला गेला.

छिन्नमानसाच्या प्राचीनतेचा वाद : विकारप्रकाराच्या बाजूने सर्वाधिक शाई याच वादावर खर्च झाली आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये ‘अकाली बुद्धिभ्रंश’ आणि उन्माद-अवसाद (अतिउत्साह व खिन्नता यांचा विकार) यांना स्पष्टपणे वेगळे केले; ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये पहिल्याला नवे नाव सुचवून १९११ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यापूर्वीची खात्रीलायक वर्णने कोठवर मागे जातात? सर्वसाधारणपणे १८०९ हे वर्ष सांगितले जाते. त्या वर्षी फ्रान्समध्ये फिलिप पिनेल आणि इंग्लंडमध्ये जॉन हॅस्लम यांनी स्वतंत्रपणे या विकाराशी जुळणारी वर्णने छापली. हॅस्लम यांच्या वर्णनातील तरुण रुग्णांची संवेदना बोथट होते, आईवडिलांविषयीची माया आटते आणि कपड्यांकडे, स्वच्छतेकडे लक्ष राहत नाही.

पुढच्याच वर्षी हॅस्लम यांनी जेम्स टिली मॅथ्यूज या एकाच रुग्णावर पुस्तक लिहिले. लंडनच्या बेथलेम रुग्णालयात १७९७ पासून असलेल्या मॅथ्यूज यांचा दावा असा की, जवळच एक टोळी ‘हवाई माग’ नावाचे यंत्र चालवून चुंबकीय द्रवाच्या साह्याने त्यांच्या मनात विचार घुसवते आणि देहाला यातना देते. यंत्राचा तपशीलवार आराखडाही त्यांनी काढला होता. पुस्तकाचे निमित्त मोठे बोलके आहे. बर्कबेक आणि क्लटरबक या दोन डॉक्टरांनी १८०९ मध्ये मॅथ्यूज यांना तपासून ते शहाणे असल्याचा निर्वाळा दिला होता; तो खोडून काढण्यासाठी हॅस्लम यांनी लेखणी उचलली. आज वाचकाला निदान स्वच्छ दिसते, कारण निकष हाताशी आहेत. त्याच माणसापुढे बसलेल्या दोन जाणत्या वैद्यांना ते दिसले नव्हते.

एडवर्ड हेअर यांनी १९८८ मध्ये असे प्रतिपादन केले की, छिन्नमानस, निदान त्याचा चिवट प्रकार, सुमारे १८०० नंतर पसरलेला नवा विकार असावा. एकोणिसाव्या शतकात वेड्यांच्या इस्पितळांतील भरती सतत वाढत गेली आणि त्याआधीची वर्णने फार तुरळक आहेत, हा त्यांचा मुख्य आधार. यावरचा आक्षेप साधा आहे : इस्पितळे बांधली गेली म्हणून भरती वाढली, त्याआधी असे रुग्ण घरी किंवा रस्त्यावर होते. दिलीप जेस्ते व सहकाऱ्यांनी १९८५ मध्येच जुन्या वाङ्मयातील दाखले मांडून प्राचीनतेच्या बाजूने मत दिले होते. उलट, २००३ मध्ये प्राचीन ग्रीक व रोमन साहित्याच्या पद्धतशीर शोधात वेडेपणाची वर्णने पुष्कळ सापडली, पण आजचे निकष पुरे करणारे एकही सापडले नाही. वर्णन सापडले नाही म्हणजे विकार नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही. विकार होता आणि त्याचे वेगळेपण कोणाला जाणवले नव्हते, हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक सुसंगत दिसते.

स्वमग्नतेबाबत चित्र तुलनेने स्वच्छ आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन केले. ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२० च्या दशकात मॉस्कोत तशाच मुलांविषयी लिहिले होते. रॅब ह्यूस्टन आणि ऊटा फ्रिथ यांनी तर ह्यू ब्लेअर या स्कॉटिश जमीनदाराचा १७४७ मधील विवाह रद्द ठरवण्याचा खटला अभ्यासून २००० मध्ये ते स्वमग्न असावेत असे मत मांडले. पिसे जमवणे, चर्चमध्ये ठरलेल्याच जागी बसण्याचा हट्ट अशा तपशिलांवर ते आधारलेले आहे. साक्षी शपथेवरच्या असल्याने हे पूर्वलक्षी निदान इतर अनेकांहून भक्कम ठरते.

तात्त्विक मते : विकार निदानाविनाही अस्तित्वात असतो असे मानणाऱ्या वास्तववादी बाजूचा सर्वांत बळकट दाखला म्हणजे वेड्यांचा सार्वदेहिक पक्षाघात (वेड आणि पक्षाघात एकत्र आणणारा रोग). आंत्वान बेल यांनी १८२२ मध्ये त्याचे स्वरूप सांगितले. नोगुची आणि मूर यांनी १९१३ मध्ये रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे (सिफिलिसचे) जंतू दाखवले. जंतू सापडण्यापूर्वीही रोग होता, याबद्दल दुमत नाही. फ्रेंच विचारवंत ब्रुनो लातूर यांनी मात्र इजिप्तचा दुसरा रामसेस क्षयाने मेला या म्हणण्यालाही, क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला असताना, हरकत घेतली होती. ही भूमिका चिकित्सकांना पटणे कठीण आहे. पण बहुसंख्य मनोविकारांत असा जंतू हाती नाही, त्यामुळे तिला उडवूनही लावता येत नाही. टॉमस सास यांनी १९६१ मध्ये मनोविकार ही संकल्पनाच रूपक असल्याचे म्हटले. जेरोम वेकफिल्ड यांनी १९९२ मध्ये ‘हानिकारक बिघाड’ ही व्याख्या दिली : बिघाड निसर्गाचा आणि हानी समाजाच्या मूल्यांनुसार. तिच्यानुसार बिघाड निदानाची वाट पाहत नाही.

तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी माणसे असणे आणि त्या प्रकारचा माणूस म्हणून जगता येणे यांत केलेला भेद सर्वांत उपयुक्त वाटतो. स्वमग्नतेविषयी त्यांचे म्हणणे असे की, ज्यांना आज उच्चकार्यक्षम स्वमग्न म्हणतात तशी माणसे १९५० मध्येही होती. पण तशा प्रकारचा माणूस म्हणून स्वतःला ओळखणे आणि जगणे तेव्हा शक्य नव्हते. काही विकार मात्र विशिष्ट काळाच्या कोंदणातच आढळतात. बोर्दोच्या आल्बेर दादा या वायुवाहिनी-कामगाराला भान हरपून शेकडो मैल भटकण्याची ओढ होती. १८८७ मध्ये त्याच्यावर प्रबंध लिहिला गेला आणि फ्रान्समध्ये असे ‘भटके’ रुग्ण दोन दशके सापडत राहिले. मग ते निदान मावळले.

निदान असून विकार नसणे, हेही इतिहासात घडले आहे. सॅम्युएल कार्टराइट यांनी १८५१ मध्ये पळून जाणाऱ्या गुलामांना ‘पलायनवेड’ हे निदान लावले. समलैंगिकता मनोविकारांच्या अमेरिकन यादीतून १९७३ मध्ये वगळली गेली.

न्यायालयांना या वादात थांबून चालत नाही. इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन नियमांनुसार कृत्य करतेवेळी आरोपी मनोविकारामुळे त्या कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर आहे हे जाणण्यास असमर्थ होता का, हे पाहिले जाते. तज्ज्ञाची तपासणी बहुधा त्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी झालेली असते आणि त्या क्षणीच्या अवस्थेबद्दल साक्ष द्यावी लागते ती तिच्याच आधारे.