काळ्या कोटातला गुप्तहेर

सदाशिव पेठेतल्या वाचनालयातून सुहास शिरवळकरांची रहस्यकथा आणली की मी आधी शेवटचं पान जागेवर आहे का ते बघायचो. जाड पुठ्ठ्याची बांधणी, आत जांभळा शिक्का, हाताळून मऊ पडलेले कोपरे. दारा बुलंद, मंदार पटवर्धन हे त्यांचे नायक आवडायचेच, पण माझा जीव बॅरिस्टर अमर विश्वासवर. अशिलाला फासातून सोडवायचं तर खरा खुनी कोण, हे त्यालाच हुडकून काढावं लागायचं.

वकील-गुप्तहेरांच्या या घराण्याचं मूळ अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कच्या एका वकिलाची मुलगी, अ‍ॅना कॅथरिन ग्रीन, हिच्या १८७८ सालच्या ‘द लेव्हनवर्थ केस’मध्ये गोष्ट सांगणारा तरुण वकीलच तपासात ओढला जातो. १८९६ मध्ये मेलव्हिल पोस्टचा रँडॉल्फ मेसन आला. तो मात्र कायद्यातल्या पळवाटा दाखवणारा. साचा पक्का केला तो अर्ल स्टॅन्ली गार्डनरने, १९३३ मध्ये पेरी मेसन आणून. गार्डनर कायद्याच्या कॉलेजात फार काळ टिकला नाही. वकिलांच्या ऑफिसात काम करत शिकला, १९११ साली सनद मिळवली आणि कॅलिफोर्नियात गरीब चिनी अशिलांचे खटले लढवले. मेसन नेहमी आरोपीच्या बाजूने का उभा राहतो, ते इथे कळतं.

मेसनला पॉल ड्रेक हा खासगी गुप्तहेर जोडीला लागतो, यामागेही मला धंद्यातली एक अडचण दिसते. रक्ताळलेला सुरा वकिलालाच सापडला, तर उद्या पिंजऱ्यात साक्षीला त्यालाच उभं राहावं लागणार. आपल्याकडेही, ज्या खटल्यात आपण साक्षीदार ठरू असं वाटतं त्याचं वकीलपत्र घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. म्हणून या नायकाचं खरं हत्यार उलटतपासणी. साक्षीदार एका तपशिलात अडखळतो आणि तिथून धागा सुटतो.

पुण्यात अशा कथांना वाचक मिळाले याचं मला नवल वाटत नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये डॉ. अनंत चिंतामण लागू आपल्या पेशंट, श्रीमंत विधवा लक्ष्मीबाई कर्वे यांना रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला घेऊन गेला. जी. टी. हॉस्पिटलमध्ये नाव लिहवलं इंदुमती पौंशे. त्या काही तासांत वारल्या, पण त्या हयात असल्याची पत्रं पुण्यात येत राहिली. शवविच्छेदनात विष सापडलं नाही. तरीही पुण्याच्या सेशन्स कोर्टाने त्याला दोषी धरलं आणि १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम केली, तीही परिस्थितीजन्य पुराव्यावर: खोटं नाव, बनावट पत्रं, हडपलेली मालमत्ता. ही साखळी अख्ख्या गावाने पेपरात वाचली होती. अमर विश्वास कोर्टात अशाच साखळीची एकेक कडी वाकवून बघायचा, तेव्हा पुणेकर वाचकाला त्यातलं काहीच परकं नव्हतं.