पुनर्वसित गावठाणातील स्त्रियांचे काम व कुटुंब (पुणे जिल्हा)

धरण किंवा दरडीमुळे जुने गाव सुटून शासनाने आखून दिलेल्या गावठाणात राहायला आलेल्या घरांतील बायकांचे कष्ट आणि त्यांचा घरव्यवहार. पुणे जिल्ह्यात पानशेत, पवना, उजनी, डिंभे या धरणांनी अनेक गावे हलवली. त्याआधी मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, त्यात बायकाही उतरल्या होत्या.

मोबदला ठरतो सातबाऱ्यावरून, आणि तिथे नाव बहुधा सासऱ्याचे नाहीतर नवऱ्याचे. शिवाय बाईची बरीचशी कमाई सातबाऱ्याबाहेरची असते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात महादेव कोळी बायका उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करतात. कोवळी फळे अंगणात पसरायची, वळवाची सर आली की धावत जाऊन आत घ्यायची, वाळून काळी पडली की पोत्यात भरून विकायची. तेल-मीठ आणि पोरांचे कपडे यातूनच निघतात. जळण, रानभाज्या, शेळ्यांचा चारा यांचेही तसेच. भूसंपादनाच्या तक्त्यात यातल्या फारच थोड्या गोष्टींना रकाना असतो.

नव्या गावठाणात प्लॉट मिळतो, परडे, म्हणजे घरामागची मोकळी जागा, मिळेलच असे नाही. शेण असले तरी गोवऱ्या थापायला जागा नसते. घरची आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुटली की बायका दुसऱ्याच्या रानात कांदा लावायला, खुरपायला जातात. कधी रोजाने, कधी उक्ते, म्हणजे सगळे काम ठरीव रकमेत घेऊन. सकाळी पिकअप यायच्या आत भाकरी बांधून तयार राहायचे. हातात रोख पैसा येतो हे खरे, पण कामाची वेळ मुकादम ठरवतो.

घोड नदीवरच्या डिंभे धरणातील काही कुटुंबे खाली न जाता पाण्याच्या कडेला वरच राहिली. पाणी उतरले की उघड्या पडणाऱ्या जमिनीत ती गाळपेर करतात, आणि डोंगरउतारावर पडकईने, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकेकाची भातखाचरे बांधून, शेती उभी करतात. या भागात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला.

दरडीखाली गेलेल्या माळीण गावाची गोष्ट वेगळी. ३० जुलै २०१४ च्या दरडीत १५१ जण गेले. एप्रिल २०१७ मध्ये आमडे येथे नवे गाव उभे राहिले. इथे माणसे घरापुरती नव्हे, नात्यागोत्यासकट गेली होती. बाळंतपणाला कोणी यायचे, आजारी सासूजवळ कोणी बसायचे, हे नव्याने लावून घ्यावे लागले.

धरणग्रस्त बायका जमिनीइतकेच बोलतात ते माहेराविषयी. खोरे ओलांडून पायी गाठता येणारे माहेर जलाशय झाल्यावर होडीचे किंवा लांबच्या एसटीचे होते. दिवसाची मजुरी बुडवून जायचे तर कारणही तसेच लागते. म्हणून सणाची फेरी आधी सुटते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने विधवा, घटस्फोटित व टाकलेल्या स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब मानले. नांदत्या बाईची गणना मात्र नवऱ्याच्याच कुटुंबात होते.