परवाना बंदुकीचा, डुक्कर मारायचा नव्हे

‘पीकसंरक्षणाचा परवाना काढला की वावरातलं डुक्कर मारायला मोकळे’ हे आमच्याकडे पारापारावर ऐकू येतं. साफ चूक. शस्त्र कायदा १९५९ खालचा परवाना बंदूक बाळगायचा. रानडुक्कर, रोही (नीलगाय) मारायला वन्यजीव कायदा १९७२ नुसार वनखात्याची परवानगी वेगळी लागते. जीव वाचवताना जनावर मेलं तर गुन्हा नाही. तूर वाचवणं त्यात बसत नाही.

मीही आधी बंदुकीच्याच बाजूचा होतो. एका रात्री पिकाच्या जागलीला वावराच्या धुऱ्यापाशी काहीतरी खसखसलं, शेजाऱ्याने अंधारातच बार टाकला. सकाळी पाहतो तर माझ्याच गोठ्याच्या टिनाला छर्ऱ्यांची भोकं, आतल्या बैलापासून हातभर वर! डुकरांनी तूर लोळवायची ती लोळवलीच. परवान्यासाठी भरलेला माझा अर्ज अजून पेटीत पडून आहे.