पायवाटेवरच्या कुत्र्याचा धनी

सिंहगडाच्या पायथ्याच्या वाड्या, पुरंदर तालुक्यातील माळ, यवतेश्वरहून कासकडे जाणारा घाटमाथा किंवा पुण्यातील वेताळ टेकडी, यांपैकी कोठेही पहाटे धावायला किंवा चालायला जाणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात चढ आणि पाण्याच्या जोडीने कुत्र्यांचा विषय हमखास निघतो. कोणत्या वळणावर तीन कुत्री बसलेली असतात, कोणत्या पोल्ट्रीचे फाटक पहाटे उघडे राहते, कोणत्या वस्तीवरून काठीशिवाय जाऊ नये, ही माहिती नव्या माणसाला वाट दाखवतानाच दिली जाते. या त्रासाची चर्चा शहरातील भटक्या कुत्र्यांच्या वादाचाच एक भाग म्हणून होते, आणि तिथेच माझ्या मते घोटाळा होतो. रानवाटेवर भेटणाऱ्या कुत्र्याचा इतिहास गल्लीतल्या कुत्र्यापेक्षा वेगळा आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय आजच्या अडचणीचा उलगडा होत नाही.

या वाटांवर कुत्रा काही नव्याने आलेला नाही. आज ज्या डोंगरवाटांवर शर्यती होतात, त्यांपैकी कितीतरी वाटा मुळात गुराढोरांच्या आणि मेंढरांच्या पायांनी पडलेल्या आहेत. पुणे, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दुष्काळी पट्ट्यातील धनगरांचे कळप दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडे निघतात, त्यांतले काही घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. वाड्याचा, म्हणजे धनगरांच्या फिरत्या बिऱ्हाडाचा, तळ पडला की मेंढरांभोवती वाघर, म्हणजे दोरीच्या जाळ्याचे कुंपण, लावली जाते आणि रात्रीची राखण कुत्र्यांकडे येते, कारण सासवड, जेजुरी, मोरगावपासून बारामती, इंदापूरपर्यंतच्या माळांवर लांडग्यांचा वावर पूर्वीपासून आहे. अंधारातून वेगाने येणारी कोणतीही हालचाल अडवणे, हेच या कुत्र्याचे काम असते. पहाटे कपाळाला बॅटरी बांधून धावत येणारा माणूस त्याच्या दृष्टीने याच हालचालीत मोडतो.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस दिवे घाटाच्या वरच्या माळावर, पुढे कळप बसलेला आहे हे कळण्याआधीच, दोन कुत्री माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती अंगावर धावली नाहीत. एकाने वाट अडवली आणि दुसरे अर्धे वळण घेऊन माझ्या पाठीमागे गेले. शेपट्या ताठ होत्या, आणि गुरगुर इतकी खालच्या पट्टीत होती की ती कानांपेक्षा पोटातच अधिक जाणवली. वाघरीजवळ घोंगडी पांघरून बसलेल्या एका आजींनी जागचे न उठता जिभेने एक आवाज केला, तशी दोन्ही कुत्री मान फिरवून मेंढरांकडे निघून गेली. ‘पळू नगंस बाबा, चालत ये,’ एवढेच त्या म्हणाल्या. या विषयावर पुढे मी जे काही वाचले, त्यात याहून उपयोगी सल्ला मला सापडलेला नाही.

त्या पहाटेचा खरा अर्थ मला उशिरा उमगला. कुत्री आक्रमक होती, पण त्यांना धनी होता आणि त्या धन्याचा शब्द त्यांच्यावर चालत होता. वाडीवरच्या, खळ्यावरच्या, मळ्यातल्या कुत्र्याचेही असेच होते. दिवसा ते मोकळे फिरत असले तरी ते कोणाचे आहे हे पंचक्रोशीला ठाऊक असे, आणि त्याने कोणाला फोडले तर जाब विचारायला एक दार असे. कुत्र्याला घरचा घास देण्याची रीतही जुनीच आहे. दत्ताच्या पायाशी चार कुत्री दिसतात, खंडोबाच्या परिवारात कुत्रा आहे, आणि कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा घरोघर सांगितली जाते. त्यामुळे खेड्यात कुत्रा साखळीने बांधलेला नसला तरी तो बेवारसही नव्हता.

सरकारदरबारी मात्र कुत्र्याचा विचार झाला तो शहरापुरता. मुंबईत वर्षातील ठरावीक उष्ण काळात भटकी कुत्री मारण्याची कंपनी सरकारची पद्धत होती. १८३२ साली त्या मोहिमेची मुदत वाढवण्यात आली, आणि कुत्र्यामागे मिळणाऱ्या इनामाच्या लोभाने शिपाई घराच्या आवारातील कुत्रीही मारू लागले, अशी लोकांची तक्रार होती. ६ जून १८३२ रोजी पारशी समाजातील लोक रस्त्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली आणि दंगल आवरण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. कुत्रा आणि कायदा यांचा संघर्ष आपल्याकडे किती जुना आहे, याची ही नोंद आहे. १९५१च्या मुंबई पोलीस अधिनियमातही भटक्या कुत्र्यांसंबंधीची तरतूद आहे, आणि तिचाही रोख रस्ते व सार्वजनिक जागा यांच्याकडेच आहे.

या सगळ्याच्या मुळाशी पिसाळण्याची भीती होती. लुई पाश्चर यांनी १८८५ साली रेबीजची लस माणसाला प्रथम दिली आणि १९०० साली आजच्या हिमाचल प्रदेशातील कसौली येथे भारतातील पहिली पाश्चर संस्था सुरू झाली. त्या काळी कुत्रा चावलेल्या माणसांना उपचारांसाठी देशभरातून इतक्या दूर जावे लागे. पुढे कसौलीतच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली आणि ती अनेक दशके आपल्या सरकारी दवाखान्यांतून दिली गेली. महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या मनात कुत्रा म्हटले की ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हे जे समीकरण बसले आहे, ते या लसीमुळे. तिचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबवण्यात आले. आताची लस दंडावर दिली जाते आणि मात्राही चार-पाचच असतात, तरी चौदा इंजेक्शनांच्या धास्तीने दवाखाना टाळणारी माणसे वाड्यावस्त्यांवर अजून भेटतात, आणि हे मला फार अस्वस्थ करते. कारण लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो.

१९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला आणि २००१ साली त्याच कायद्याखाली कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम झाले. सरसकट मारणे बंद करून कुत्रे पकडायचे, त्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करायचे आणि जेथून उचलले तेथेच परत सोडायचे, ही त्या नियमांची चौकट होती. मार्च २०२३ मधील नव्या नियमांनी ती कायम ठेवली. या चौकटीमागे विचार आहे: जागा रिकामी झाली तर बाहेरची कुत्री तेथे येतात, आणि लस टोचलेली, पिल्ले न होणारी कुत्री जागेवर राहिली तर संख्या व रोग दोन्ही हळूहळू आटोक्यात येतात. परंतु त्यासाठी गाडी, पकडणारी शिकलेली माणसे, शस्त्रक्रियेची जागा आणि पशुवैद्य हवेत. महानगरपालिकांना हे जेमतेम पेलते. गडाच्या पायथ्याच्या ग्रामपंचायतीकडे यांतले बहुधा काहीच नसते. महापालिकेची हद्द जेथे संपते तेथे निर्बीजीकरणाचा कार्यक्रमही संपतो, आणि आपल्या आवडत्या वाटा नेमक्या त्या रेषेपलीकडे सुरू होतात. वाट वनखात्याची, पायथा ग्रामपंचायतीचा, फार्महाऊस शहरातल्या कोणाचे आणि कुत्रा कोणाचाच नाही, अशी आजची स्थिती आहे.

गेल्या तीसेक वर्षांत या रेषेपलीकडचे चित्रही पालटले. १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्याला कारणीभूत ठरल्याचे २००४ साली स्पष्ट झाले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पूर्वी गिधाडे फस्त करीत ती मेलेली जनावरे गावाबाहेर कुत्र्यांच्या वाट्याला येऊ लागली. एका अभ्यासाने १९९२ ते २००६ या काळात देशातील कुत्र्यांची संख्या त्यामुळे सुमारे ५५ लाखांनी वाढल्याचा अंदाज मांडला आहे. याच काळात घाटमाथ्यांवर आणि धरणांच्या काठी हॉटेले, रिसॉर्ट, शेतघरे आणि पोल्ट्री उभ्या राहिल्या आणि त्यांचे उष्टे-खरकटे व कोंबड्यांचे अवशेष ओढ्याच्या कडेला पडू लागले. सुट्टीपुरते उघडणाऱ्या बंगल्यांवर राखणीला कुत्री आणली जातात, मालक आठवडाभर नसतो, आणि कुत्री फाटकासमोरच्या वाटेलाच आपली हद्द मानतात. शहरात नकोशी झालेली कुत्री घाटात आणून सोडून देणारेही आहेत. धन्याचा शब्द मानणारे ते जुने कुत्रे आणि हे नवे टोळके यांच्यातील फरक मला येथे दिसतो: याला खायला घालणारे पुष्कळ आहेत, परंतु ‘हाड्’ म्हणून परत बोलावणारा कोणी नाही.

कुत्री वाढत असतानाच वाटांवरची माणसेही वाढली. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाल्यानंतर धावण्याचे वेड शहराशहरांत पसरले, २०१२ पासून साताऱ्यात घाटातील अर्धमॅरेथॉन होऊ लागली आणि पुढे सिंहगड, राजगड, तोरणा या गडांना जोडणाऱ्या वाटांवरही शर्यती भरू लागल्या. तोपर्यंत या वाटांनी जाणारा माणूस चालत जाई, बहुधा ओळखीचा असे आणि हातात काठी बाळगी. धावणारा माणूस अनोळखी, रिकाम्या हाताचा आणि वेगवान असतो, आणि पळणाऱ्याचा पाठलाग करणे कुत्र्याच्या स्वभावातच आहे. म्हणूनच वस्ती दिसताच वेग कमी करून चालू लागणे, पाठ न दाखवणे, डोळ्याला डोळा न भिडवता बाजूने सावकाश निघणे आणि अगदीच जवळ आले तर खाली वाकून दगड उचलल्यासारखे करणे, या चार गोष्टी आता अनुभवी धावपटू नवख्यांना आधी शिकवतात. दगड प्रत्यक्ष मारू नये, असे माझे ठाम मत आहे. आज आपण ज्या कुत्र्याला मारतो, ते उद्या मागून येणाऱ्या माणसावर राग काढते.

मोकाट कुत्र्यांचा जाच माणसांपुरताही राहिलेला नाही. माळावर चिंकारा, खोकड आणि लांडगा यांच्याशी त्यांची गाठ पडते, त्यांच्याकडून रानातील प्राण्यांत डिस्टेंपरसारखे रोग पसरण्याची भीती असते, आणि पुण्याजवळच्या माळरानात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीतून २०२३ साली सिद्ध झाले आहे.

पाळलेले कुत्रे चावले तर कायद्यात आधार आहे. १८६० च्या दंडसंहितेतील कलम २८९ प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्याला शिक्षा सांगत होते. १ जुलै २०२४ पासून ती जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ ने घेतली आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी तिची मर्यादा आहे. परंतु त्यासाठी आधी धनी सापडावा लागतो. मोकाट कुत्र्यांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस व निर्बीजीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हटवण्यास फर्मावले. त्या यादीत पायवाट नाही.

गेल्या हिवाळ्यात एका गडाच्या पायथ्याशी माझ्या सोबत्याच्या पोटरीला कुत्रे चावले. वस्तीवरच्या मावशींनी हंडाभर पाणी आणि साबण दिला, आणि आम्ही वाहत्या धारेखाली जखम घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुतली. जवळच्या आरोग्य केंद्रात लस मिळाली, परंतु खोल जखमेत भरावे लागणारे सीरम, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, नव्हते, म्हणून आम्ही गाडी काढून शहर गाठले. जाताना मावशींनी सांगितले की मागच्याच महिन्यात त्यांच्या नातवालाही शाळेच्या वाटेवर त्याच कुत्र्याने धरले होते, आणि सीरमसाठी शहरात जायला सकाळच्या एसटीची वाट पाहावी लागली होती.