रनिंग-इन आणि वॉर्म-अप: नव्या इंजिनाच्या बाबतीत हमखास गल्लत होणाऱ्या दोन गोष्टी

नव्या गाडीला हार घालून झाला, चाकांखाली लिंबे ठेवून झाली, की किल्ली हातात देणारा माणूस बहुधा दोन सूचना करतो: पहिले हजार किलोमीटर गाडी जपून चालवा (रनिंग-इन) आणि सकाळी इंजिन जरा गरम होऊ द्या (वॉर्म-अप). दोन्ही सूचना एका दमात कानांवर पडतात, दोन्हींचा सूर इंजिनाला सांभाळण्याचाच असतो आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात त्या एकमेकींत मिसळून जातात. मग कोणी रनिंग-इनच्या नावाखाली गाडी रोज पंधरा मिनिटे पार्किंगमध्ये नुसती चालू ठेवतो, तर कोणी हजार किलोमीटर उलटल्याबरोबर थंड इंजिन पहिल्याच मिनिटाला चार हजार आरपीएमवर (मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर) नेतो. पहिल्याच्या मनात काळजी असते आणि दुसऱ्याला नियमाची मुदत संपली असे वाटत असते, पण चुकतात दोघेही.

रनिंग-इन ही इंजिनाच्या आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट आहे आणि तिचा संबंध धातूच्या पृष्ठभागांशी आहे. वॉर्म-अप प्रत्येक थंड स्टार्टच्या वेळी, म्हणजे गाडी पंधरा वर्षे वापरली तर पंधरा वर्षे रोज घडतो आणि त्याचा संबंध उष्णतेशी व ऑइलशी आहे. रनिंग-इनमध्ये होणारा बदल कायमचा असतो, तर वॉर्म-अपमध्ये होणारा बदल गाडी रात्रभर उभी राहिली की पुसला जातो.

रनिंग-इनमध्ये नेमके काय होते, हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे असेल त्याने इंजिनाचे बोअरिंग करणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन होनिंग केलेला, म्हणजे आतून बारीक घासून तयार केलेला लायनर (ज्या नळीत पिस्टन वरखाली सरकतो ती नळी) हातात घ्यावा आणि तो उजेडाकडे तिरका धरावा. आतल्या भिंतीवर दोन दिशांनी जाणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघांची जाळी दिसते, आणि नख फिरवले तर ती किंचित खरखरीत लागते. ही जाळी हेतुपुरस्सर केलेली असते. तिच्या खाचांत ऑइल धरून राहते आणि तिच्या सूक्ष्म कडांवर नवी पिस्टन रिंग, म्हणजे पिस्टनभोवतीचे कडे, घासली जाऊन दोघींचे आकार एकमेकांशी जुळतात. गॅरेजच्या भाषेत यालाच रिंग बसणे म्हणतात. रिंग नीट बसली की ज्वलनाचा दाब पिस्टनच्या वर कोंडून राहतो आणि खालचे ऑइल वर चढत नाही. ती बसली नाही, तर गाडी आयुष्यभर ऑइल खाते.

आता रिंग भिंतीवर दाबली कशाने जाते, हे ध्यानात घेतले पाहिजे, कारण सगळी गल्लत इथेच होते. रिंगला स्वतःचा ताण असतो, पण तो थोडा असतो. खरा जोर ज्वलनातून निर्माण झालेल्या वायूचा असतो, जो रिंगच्या मागच्या फटीत शिरून तिला बाहेरच्या बाजूला रेटतो. अॅक्सिलरेटर दाबला, इंजिनावर भार आला, की हा दाब वाढतो. इंजिन न्यूट्रलमध्ये नुसते घुमत असेल, तर दाब इतका कमी असतो की रिंग ऑइलच्या थरावरून तरंगल्यासारखी सरकत राहते. जाळीच्या कडा झिजायच्या तशा झिजत नाहीत, भिंतीवर मागे राहिलेले ऑइल उष्णतेने भाजते आणि त्याचा कडक, गुळगुळीत लेप खाचांत बसतो. असा लेप चढलेला लायनर दिसायला आरशासारखा चकचकीत असतो, नवख्याला तो चांगलाच वाटतो, आणि तरीही तो पुन्हा होनिंगला टाकावा लागतो. दिवसचे दिवस अगदी कमी भारावर चालवलेल्या डिझेल जनरेटरच्या इंजिनांत ही खोड नेहमी आढळते. इंजिनाचे काम करून आणलेला ट्रॅक्टर अंगणात तासन्तास नुसता चालू ठेवण्याची जी पद्धत आहे, तीही मला याच कारणाने घातक वाटते.

म्हणून रनिंग-इनमधल्या ‘जपून’ या शब्दाचा अर्थ ‘कमीत कमी’ असा घेऊ नये. मध्यम भार, बदलता वेग, आणि दोन्ही टोके टाळणे, असा तो अर्थ आहे. कंपन्यांच्या पुस्तिका नीट वाचल्या तर त्यांतही हेच सांगितलेले असते. सुझुकीच्या गाड्यांच्या पुस्तिकेत 960 किलोमीटरचा आकडा येतो, जो मुळात 600 मैलांचा आहे. फोक्सवॅगनच्या पुस्तिकांत पहिल्या 1000 किलोमीटरपर्यंत इंजिनाच्या कमाल आरपीएमच्या दोन तृतीयांशांच्या पुढे जाऊ नये असे म्हटलेले असते. आकडे थोडे वेगळे असले तरी तीन सूचना जवळपास सर्वत्र सापडतात: अॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका, एकाच वेगाने फार वेळ जाऊ नका, आणि वरच्या गिअरमध्ये रखडत चालवू नका. यांतली पहिली सर्वांना ठाऊक असते. तिसरी तर अनेकजण काळजी घेतो म्हणूनच मोडतात, कारण पाचव्या गिअरमध्ये पस्तीसच्या वेगाने धडधडत जाणारी गाडी त्यांना शांत चालल्यासारखी वाटते.

दुसरी सूचना आपल्याकडे आता विशेष महत्त्वाची झाली आहे. समृद्धी महामार्गाची लांबी 701 किलोमीटर आहे. दसऱ्याला भिवंडीकडच्या घरी आलेली नवी गाडी दुसऱ्या दिवशी नागपूरच्या रस्त्याला लावली आणि क्रूझ कंट्रोल 100 वर ठेवून पाय बाजूला घेतले, तर रनिंग-इनचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग एकाच वेगात, जवळपास एकाच भारात संपून जातो. त्याऐवजी जुन्या रस्त्याने, गावे घेत, घाट चढत केलेला पुणे ते कोल्हापूरचा प्रवास नव्या इंजिनाला किती तरी अधिक मानवतो. खंबाटकीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर निम्म्याहून थोडा अधिक दाबून चढताना रिंगवर हवा तसा जोर येतो, आणि पुढे गिअरमध्येच पाय सोडून उतरताना भार निघून जाऊन भिंतींना ऑइल मिळते. समृद्धीवरून जाणे भागच असेल, तर दर दहा-पंधरा मिनिटांनी वेग 80 आणि 100 च्या दरम्यान खालीवर करत राहावे.

वॉर्म-अपची हकिकत अगदी निराळी आहे. इथे काहीही झिजवायचे नसते, उलट झीज टाळायची असते. थंड इंजिनात दोन अडचणी असतात. एक म्हणजे ऑइल घट्ट असते: सर्रास वापरले जाणारे 5डब्ल्यू-30 ऑइल 100 अंश सेल्सिअसला जितके पातळ असते, त्याच्या पाच-सहा पट घट्ट ते 40 अंशांना असते, आणि निफाडमधल्या जानेवारीच्या पहाटेला तर त्याहून खूपच अधिक. दुसरी म्हणजे सुटे भाग त्यांच्या ठरलेल्या मापात आलेले नसतात. अॅल्युमिनिअम उष्णतेने बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे थंड असताना पिस्टन सिलिंडरमध्ये सैल बसतो आणि काही इंजिनांत पहिली दोन मिनिटे त्याची बारीक खटखट ऐकूही येते. त्यात भर म्हणून संगणक थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देतो, आणि त्यातले न जळलेले पेट्रोल भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन नेते.

कार्ब्युरेटरच्या काळात चोक ओढून गाडी दारात गरम करण्याला कारण होते, कारण थंड इंजिनाला पेट्रोल आणि हवेचे प्रमाण साधत नसे आणि गाडी पहिल्याच चौकात बंद पडे. 2000 च्या आसपास आपल्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन (संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल सोडणारी व्यवस्था) सर्रास आले आणि ते कारण संपले, पण सवय राहिली. न्यूट्रलमध्ये उभे इंजिन अत्यंत संथपणे तापते, म्हणजे जास्त पेट्रोल मिळण्याचा आणि ऑइल घट्ट असण्याचा तोच नकोसा काळ आपण आपल्या हाताने लांबवतो. स्टार्ट केल्यावर ऑइल सगळीकडे पोहोचायला अर्धे मिनिट पुरते, तेवढ्या वेळात सीटबेल्ट लावून होतो. त्यानंतर लगेच निघावे आणि पहिले पाच-सात किलोमीटर हलक्या पायाने, आरपीएम दोन-अडीच हजारांच्या आत ठेवून चालवावे. अनेक गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, निळा दिवा असतो. तो विझला म्हणजे कूलंट (इंजिनाभोवती फिरणारे थंड ठेवणारे पाणी) बऱ्यापैकी तापले एवढेच समजावे, कारण ऑइल त्याच्या बरेच मागे असते. सोसायटीतून निघून दोन किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचे ऑइल आठवडाभरात एकदाही पूर्ण तापत नाही, आणि ज्वलनातून तयार झालेले पाणी त्यातून उडून जात नाही.

नव्या गाडीच्या पहिल्या महिन्यात या दोन गोष्टी एकत्र येतात आणि तिथे त्यांचा क्रम पाळावा लागतो. आधी वॉर्म-अप, मग रनिंग-इन. घाटातला तो निम्म्याहून अधिक दाबलेला अॅक्सिलरेटर इंजिन पूर्ण तापल्यावरच उपयोगी ठरतो. घर घाटाच्या पायथ्याशी असेल, तर नव्या गाडीसाठी थोडा वळसा घेऊन सपाट रस्त्याने पाच किलोमीटर फिरून यायलाही मी सांगेन. हजार किलोमीटर झाल्यावर रनिंग-इनचे नियम हळूहळू सैल करता येतात, एका दिवसात सोडून देऊ नयेत. वॉर्म-अपचा नियम मात्र गाडी विकेपर्यंत तसाच राहतो.

रिंगा बसल्या की नाही, हे कळायला घरातले साधन पुरेसे असते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एकदा, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून डिपस्टिक काढावी, फडक्याने पुसून पुन्हा घालावी आणि ऑइलची पातळी तारीख व किलोमीटरसह लिहून ठेवावी. सुरुवातीला ती थोडी उतरली तर घाबरण्याचे कारण नाही, कारण रिंगा अजून बसत असतात. दोन-तीन हजार किलोमीटरनंतरही ती दर आठवड्याला खाली जात राहिली, तर वहीतले ते आकडे घेऊन वॉरंटीच्या मुदतीतच सर्व्हिस सेंटर गाठावे.