सफरचंदाच्या मुळाची साल आणि मधुमेहींची किडनी

मधुमेहात किडनी सांभाळायला झाडपाल्याचं काही आहे का, असं विचारलं की पुनर्नवा, गोखरू, वरुण, गुडमार, जांभळाच्या बिया ही नावं लगेच पुढे येतात. आज किडनीचे डॉक्टर चिठ्ठीत ज्या गोळ्या लिहितात, त्यांतल्या एका गटाचं मूळही एका झाडातच आहे. मात्र तिथून गोळीपर्यंत यायला पावणेदोनशे वर्षं लागली.

१८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून फ्लोरिझिन हा कडू पदार्थ वेगळा केला. हिवतापावर दिली जाणारी सिंकोना झाडाची सालही कडूच, तेव्हा हाही हिवतापावर चालेल अशी त्यांची अटकळ होती. १८८६ च्या सुमारास जर्मन डॉक्टर योसेफ फॉन मेरिंग यांना दिसलं, की फ्लोरिझिन दिल्यावर लघवीतून साखर जाऊ लागते. (याच मेरिंग यांनी १८८९ मध्ये मिन्कोव्स्की यांच्यासोबत, स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे दाखवलं.) लघवीतली साखर हे तर मधुमेहाचंच लक्षण. त्यामुळे फ्लोरिझिन बराच काळ संशोधनाचं साधन म्हणूनच वापरलं गेलं.

किडनी रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि जवळजवळ सगळं रक्तात परत घेते. फ्लोरिझिन ही परतीची वाटच अडवतं. १९८७ मध्ये मधुमेही उंदरांवर त्याचा चांगला परिणाम दिसला. अडचण अशी, की तोंडावाटे घेतल्यास ते आतड्यातच तुटतं, शिवाय जुलाब होतात. मग रसायनशास्त्रज्ञांनी रेणूतली साखरेची जोडणी बदलून ती न तुटणारी केली. त्यातून डापाग्लिफ्लोझिन (युरोपात मंजुरी २०१२) आणि कानाग्लिफ्लोझिन (अमेरिकेत २०१३) ही औषधं आली.

ती आली साखर कमी करायला. किडनीचा फायदा नंतर कळला. २०१९ मध्ये ४,४०१ मधुमेही किडनीरुग्णांवरच्या चाचणीत कानाग्लिफ्लोझिनमुळे किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका ३० टक्क्यांनी घटला. किडनीच्या गाळण्यांवर वाढलेला दाब या गोळीने उतरतो, हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट २०२० मध्ये संपलं आणि ते पुष्कळ स्वस्त झालं. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण हे औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितलीच पाहिजे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या अनेक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या. त्यांत एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच आली होती. त्यातलं आम्ल किडनी कायमची खराब करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही घडवतं. आपल्याकडची सापसण याच कुळातली आहे. ‘झाडपालाच तर आहे’ म्हणून किडनीच्या रुग्णाला न विचारता काढा देणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

पुनर्नवा आणि गुडमार यांच्यावर उंदरांत पुष्कळ प्रयोग झाले आहेत. डायलिसिस टळतं का, हे ठरायला हजारो माणसांवर, काही वर्षं चालणारी चाचणी लागते. आपल्या या वनस्पतींच्या वाट्यालाही तशी चाचणी यावी, असं मला मनापासून वाटतं.