एंडोमेट्रिओसिसची गाठ स्वतःच इस्ट्रोजेन बनवते, हे कसं कळलं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘चॉकलेट सिस्ट’ वाचून अनेकजणी बुचकळ्यात पडतात. ही एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, खूण. बीजकोशातल्या या गाठीत साकळलेलं जुनं रक्त असतं, घट्ट आणि तपकिरी. म्हणून हे नाव. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचे डॉ. जॉन सॅम्पसन यांनी 1921 साली या गाठींवर सविस्तर लिहिलं. पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांतून उलटं पोटात उतरतं आणि त्यातल्या गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी तिथेच रुजतात, असं त्यांनी 1927 मध्ये मांडलं.

पण रक्त तर बहुतेक सगळ्याच बायकांचं उलटं जातं. 1984 च्या एका अभ्यासात, नलिका मोकळ्या असलेल्या 90 टक्के स्त्रियांच्या पोटात पाळीच्या दिवसांत रक्त सापडलं. मग आजार साधारण दहातल्या एकीलाच का?

उपचार बराच काळ एकाच समजुतीवर चालले: या पेशी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर वाढतात, तेव्हा ते बनवणारे बीजकोश शांत करा. डॅनाझोल हे औषध आलं ते यासाठीच. तरीही बीजकोश काढून टाकलेल्या काहीजणींचं दुखणं परत यायचं.

1990 च्या दशकात अमेरिकेत सर्दार बुलुन आणि सहकाऱ्यांना या पेशींत अ‍ॅरोमाटेझ हे इस्ट्रोजेन बनवणारं विकर (एन्झाइम) सापडलं. निरोगी अस्तरात ते जवळपास नसतंच. त्याच्या जोरावर गाठ स्वतःचं इस्ट्रोजेन स्वतः तयार करते. इस्ट्रोजेनमुळे प्रोस्टाग्लँडिन ई-2 वाढतं, आणि तेच पुन्हा अ‍ॅरोमाटेझला चेतवतं. प्रोस्टाग्लँडिन म्हणजे पाळीत पोटात कळा आणणारं रसायन. मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी तेच बनू देत नाही. म्हणजे गाठीची वाढ आणि कळा एकाच चक्रात गुंतलेल्या आहेत. ‘पाळीत दुखायचंच’ असं सांगून परत पाठवलेल्या मुलींच्या पोटात हे चक्र खरोखर फिरत असू शकतं. त्यात प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकालाही या पेशी नीट दाद देत नाहीत, त्यामुळे इस्ट्रोजेनची धार बोथट करणारं विकरही तिथे कमी पडतं.

1998 मध्ये याचा पडताळा आला. 57 वर्षांची एक स्त्री, गर्भाशय आणि बीजकोश दोन्ही आधीच काढलेले, तरी आजार बळावलेला. तिला अ‍ॅरोमाटेझ रोखणारं अ‍ॅनास्ट्रोझोल हे औषध नऊ महिने दिलं. दुखणं थांबलं, योनीतली 30 मिलिमीटरची लालभडक गाठ 3 मिलिमीटरवर आली. मात्र तेवढ्या काळात तिच्या कण्यातल्या हाडांची घनताही घटली.